अतिरिक्त ठरलेला संगणक

राहुरीजवळच्या आमच्या शाळेत दाखल्यांचा प्रोग्रॅम फार जुना. नव्या संगणकावर तो चालेना. तेव्हा दुरुस्तीवाल्याने नव्याच्या आत जुन्यासारखा एक संगणक बसवून दिला. खराखुरा नव्हे, प्रोग्रॅममधला. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा, असं तो म्हणाला. पाहुण्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. वीज, मेमरी, डिस्क मात्र यजमानाची. यजमान बंद की पाहुणाही बंद. मला यात अवघड काही वाटलं नाही. सगळ्या मुलांच्या नोंदी पाहुण्यात आहेत, एवढं लक्षात ठेवलं.

पुढे संस्थेचे साहेब तपासणीला आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलंच नाही, नेटवर्कची यादी पाहिली. यादीत संगणकांची नावं दोन, एक नव्याचं, एक जुन्याचं, आणि शाळेत क्लार्क मी एकटी. शिक्षक जास्त झाले की आमची संस्था त्यांना दुसऱ्या शाखेत पाठवते. तोच नियम संगणकाला लागला. आठवड्यात ऑर्डर आली: जुना संगणक अतिरिक्त ठरल्याने त्याचे मिरजगाव शाखेत समायोजन करण्यात येत आहे.

मी फोन करून सांगितलं, त्याला वेगळा डबा नाही, तो नव्याच्या आत आहे.

"चालतो ना?" साहेबांनी विचारलं.

"चालतो."

"मग आहे. पाठवा."

मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ऑर्डर एका संगणकाची आहे, एक जाऊ द्या, असा त्यांनी तोडगा काढला. टेबलावर होताच एक. तो गेला असता तर पाहुणाही गेला असता, आणि व्हरांड्यात दाखल्यासाठी थांबलेले पालक तसेच परतले असते.

सोमवारी टेम्पो आला. शिपाईमामा वायरी काढायला वाकले.

"मामा, हात लावू नका. ऑर्डर जुन्याची आहे."

मामांनी खोलीभर नजर फिरवली. "बाई, मग जुना हाय कुठं?"

पाहुणा म्हणजे शेवटी यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल. तिची नक्कल मी शनिवारीच पेनड्राइव्हवर घेतली होती आणि नकलेतल्या मुलांच्या नोंदी पुसल्या होत्या. पेनड्राइव्ह पाकिटात घातला, लाख लावली आणि वर लिहिलं: संगणक, जुना, नग एक, चालू स्थितीत. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली.

मामांनी पाकीट तळहातावर तोललं. "येवढ्यासाठी टेम्पो?"

"ऑर्डरमध्ये टेम्पो लिहिलाय."

टेम्पो गेला. मी पाहुणा सुरू केला आणि पहिल्या पालकाला आत बोलावलं.

चार दिवसांनी मिरजगावची पोच आली: संगणक नग एक सुस्थितीत मिळाला. त्यांच्याकडे दुसरा संगणक नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह लावणार कशाला? पण आलेल्या वस्तूवर नंबर टाकायचा नियम आहे. त्यांनी ऑईलपेंटने तो टाकला आणि पेनड्राइव्ह कपाटात कुलपाआड ठेवला.

पाहुण्याला मी तेव्हापासून नेटवर्कवरून काढून ठेवलंय. यादीत आता एकच नाव दिसतं. समायोजन व्यवस्थित झालं म्हणून साहेबांनी शेरा चांगला दिला.