विनायकच्या कानाशी धरलेला फोन

बालाघाटचे चित्रकला शिक्षक विनायक टेंभरे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी राहत्या घरी वारले. मला हे हेमराजने कळवलं. हेमराज वारासिवनीचा तांदूळ गिरणीवाला, विनायकचा नंतरचा मित्र. पहिला मी. आम्ही पहिलीपासून एका बाकावर होतो.

घरून खात्री केल्याशिवाय निधनवार्ता छापायची नाही, हा वर्तमानपत्रात मी सांभाळतो त्या जिल्ह्याच्या पानाचा नियम. हेमराजने फोन ठेवताच मी घरी लावला... म्हणजे सवयीने विनायकचाच नंबर लावला. उचलला हेमराजनेच.

"आत्ताच त सांगितलं ना बावा तुले," तो म्हणाला.

दुखणं खांद्यापासून सुरू झालं. नस चढली असेल म्हणून मी दर रविवारी त्याच्या पाठीला मोहाच्या बियांचं तेल चोळायचो. तुझा हात चांगला, असं तो म्हणायचा. मग खोकला आला, उजव्या हाताची बोटं बधिर झाली, वर्गात खडू गळू लागला. हेमराजने त्याला गाडीत घालून नागपूरला नेलं. मला कळलं ते दोघं परतल्यावर. मज्जारज्जूतून निघणाऱ्या एका नसेच्या मुळाशी गाठ होती. मणक्यांमधल्या फटीतून ती छातीत उतरली होती आणि हाताकडे जाणाऱ्या नसांना तिने वेढलं होतं. अशी गाठ क्वचितच दिसते, डॉक्टर म्हणाले. पूर्ण काढता येणार नाही, असंही.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू पह्यले दोन ठिकाणावून खात्री करतं," विनायक म्हणाला. "तवरक मी मेलो असतो."

हेमराज हसला. तो खाटेवर पायथ्याशी बसला होता, जिथे मी बसायचो.

पुढे माझं जाणं कमी झालं. फोन मात्र रोज संध्याकाळी करायचो, कारण फोनवर आम्ही दोघंच असायचो. शाळेतल्या गोष्टी निघायच्या, हेमराजचा विषयही निघायचा. गिरणीवाल्याला चित्रातलं काय कळतं, गाडी नसती तर तुला तो आठवला असता का, असं मी विचारायचो. विनायकला दम लागायचा. "हौ... हौ," एवढंच म्हणायचा.

तेरवीच्या दिवशी मी विनायकच्या पत्नीला, सुमनवहिनींना, विचारलं, की त्याचा फोन हेमराजजवळ कसा.

"आखरीले यांचे दोन्ही हात उठत नव्हते ना, भाऊजी. हेमराजभैयाच रोज येऊन कानाले धरत होते."

हेमराज शेजारीच पत्रावळी मांडत होता.

"तुले ऐकू येत होतं?" मी विचारलं.

"हौ."

"समदं?"

"एकडाव तुया फोनच्या आंधी मी उठून जाऊन राह्यलो होतो," तो म्हणाला. "त विनू म्हणे, बैस ना बे. त्याचा जीव जळते, बोलू दे त्याले."

त्याने पुढची पत्रावळ मांडली.

विद्यार्थ्यांचे फोन अजून येतात, म्हणून वहिनींनी तो नंबर बंद केलेला नाही. फोन हेमराजकडे दिला आहे. काल संध्याकाळी, नेहमीच्या वेळी, पण सवयीने नाही, मी तो लावला. हेमराजने उचलला.