एमच्या कप्प्यातलं चौथं गाणं

बारशाच्या मांडवात मी मर्तिकाचं गाणं लावलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा लावलं, कारण पहिल्यांदा ते लोकांना आवडलं होतं.

गाव वडनेर भोलजी. घर भाऊसाहेबांचं, म्हणजे तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं. मी तेव्हा नांदुऱ्यात लाउडस्पीकरची सर्व्हिस चालवत होतो. सर्व्हिस म्हणजे एक अँप्लिफायर, मोटारीची बॅटरी, रेकॉर्ड फिरवायचं मशीन, दोन कर्णे आणि मी. कर्णे लिंबाच्या झाडाला बांधायचे, बॅटरी टेबलाखाली ठेवायची, आणि टेबलामागे असं बसायचं की जणू आत गाणारे आपणच आहोत. हे शेवटचं काम मला उत्तम जमायचं.

आता विलायती गाण्यांचं. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगचा गोरा मॅनेजर मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. शहाण्या लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले. मी रेकॉर्डांची पेटी घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं की मला इंग्रजी येत नाही. एबीसीडी पक्की होती, त्याच्या पुढे शाळेत आमचा मुक्काम झाला नव्हता. मग जेवढं येत होतं तेवढ्यावर व्यवस्था लावली. रेकॉर्डच्या मधोमध गोल कागद असतो, त्याला लेबल म्हणतात. त्यावरच्या गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर बघायचं आणि त्या अक्षराच्या कप्प्यात रेकॉर्ड उभी करायची. टीचा कप्पा सगळ्यांत आधी गच्च भरला. इंग्रजीत निम्मी नावं 'द'नेच सुरू होतात, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

पेटी पडून होती. लग्नाला, सत्यनारायणाला विलायती गाणी कोण मागणार? तेवढ्यात भाऊसाहेबांचा निरोप आला. त्यांच्याकडे नातू झाला होता.

या नातवाआधी सुनेची दोन बाळं गेली होती. दोन्ही बारशाच्या दिवसापर्यंत पोचली नव्हती. हे तिसरं मिशनच्या दवाखान्यात झालं, सिस्टर रूथ म्हणून नर्स होत्या त्यांच्या हातावर, आणि टिकलं. त्यामुळे घराला दाखवायचं होतं सगळ्या पंचक्रोशीला.

"सिनेमाची गाणी तं समदेच लावतात," भाऊसाहेब म्हणाले. "मले काही येगळं पायजे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भटजींनी पंचांग पाहून बाळाला 'म' अक्षर दिल्याचं मी नुकतंच ऐकलं होतं. मी म्हणालो, "भाऊसाहेब, माझ्याकडे एमचा आख्खा कप्पा आहे. सगळी विलायती, आणि सगळी बाळाच्या अक्षराची."

ते हरखलेच. तरी माणूस व्यवहारी. "शुभ असतीन ना सारी?"

"अक्षर पंचांगातलं आहे," मी म्हणालो. "त्यावरून सुरू होणारं गाणं अशुभ कसं असेल?"

हे मी त्यांना फसवायला बोललो नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. माझा खरंच तसा विश्वास होता. फसवणारा माणूस निदान थोडा सावध तरी राहतो.

घरी जाऊन मी यादी केली. शीर्षक दिलं, 'शिफारस केलेली गाणी'. एकूण सहा. प्रत्येकापुढे शेरा. चाल जलद असेल तर 'आनंदी', पेटी-बाजा जास्त असेल तर 'भारदस्त'. चौथं गाणं फार हळू होतं. एक बाई एकटीच गात होती, मागे घंटा वाजत होती. घंटा म्हणजे देऊळ, असा हिशेब करून मी लिहिलं, 'पाळण्याच्या वेळी योग्य'. सहाव्याची चाल लक्षात राहीना, म्हणून त्याच्यापुढे 'सामान्य'.

बारशाच्या दुपारी मांडव भरला होता. पहिल्या तीन गाण्यांना पोरं नाचली, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सुनेनं बाळ बाहेर आणलं, पाळण्याजवळ बसली, आणि मी चौथं लावलं. मांडव शांत झाला. मला वाटलं, काय नेमकं निवडलंय आपण. गाणं संपलं तशा मोठ्याबाई, म्हणजे भाऊसाहेबांच्या आई, पाळण्यापासून म्हणाल्या, "तेच लाव बे पुन्हा."

मी सुई बदलली, कारण जुनी सुई रेकॉर्ड खरवडते, आणि पुन्हा लावली. तेवढ्यात सिस्टर रूथ आल्या. त्यांची बस उशिरा पोचली होती. मांडवाच्या तोंडाशी त्या थबकल्या. मग बाळाकडे न जाता सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

"हे कोणी निवडलं?"

"मीच," मी म्हणालो, आणि यादी पुढे केली.

त्यांनी यादी पाहिली, शेरा वाचला. मग कर्ण्याच्या आवाजाखाली, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लढाईत मेलेल्या मुलाच्या थडग्याशी बसून आई त्याला हाका मारत रडतेय. ती घंटा पुरतानाची आहे."

समोर ती सून बसली होती, मांडीवर तिसरं बाळ. हे कोणाला कळलं असतं तर तिच्या तोंडचं पाणी पळालं असतं, आणि उद्या बाळाला साधी शिंक आली असती तरी सगळ्यांनी माझ्या कर्ण्याकडे बोट दाखवलं असतं. मी सुई उचलायला हात घातला. सिस्टरनी माझं मनगट धरलं.

"मध्येच बंद केलंत तर सगळे विचारतील काय झालं. संपू द्या."

साध्या रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटं चालते. त्या दिवशीची किती चालली, ते मला विचारू नका.

संपलं. मला वाटलं सुटलो. तर मोठ्याबाईंनीच हाक मारली, "सिस्टर, तुमाले तं इंग्रजी समजते. काय म्हणून राह्यली हो ते बाई?"

सगळा मांडव सिस्टरकडे बघू लागला. मी बॅटरीकडे. खोटं बोलणाऱ्यांतली ती बाई नव्हती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्या पाळण्याजवळ गेल्या, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "एक आई आपल्या लेकराला नावानं हाक मारते आहे."

मोठ्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मंग बरोबर हाय," म्हणाल्या. "चला, आता आपल्यालेबी नाव ठेवू द्या."

आत्यानं कानात नाव सांगितलं, मुकुंद. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी त्यानंतर एकही रेकॉर्ड लावली नाही. बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. तिच्याबद्दल मी खोटं बोललो, पण तीही काही बोलली नाही.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "रविवारी ती पेटी घेऊन दवाखान्याच्या क्वार्टरवर या." मी गेलो. सुट्टीच्या एका दिवसात काम होईल असं वाटलं होतं, चार रविवार लागले. त्या ऐकायच्या, अर्थ सांगायच्या, आणि मी रेकॉर्डच्या पाकिटावर मराठीत लिहायचो. माझ्या यादीतलं पहिलं 'आनंदी' गाणं एका दारुड्याचं होतं, त्याला घरचा रस्ता सापडत नव्हता. दुसऱ्यात एक जण बायकोला सोडून बोटीवर चालला होता. 'भारदस्त' तिसरं, तुरुंगातलं. बारशाला चालेल असं सहांत एकच निघालं, 'सामान्य' शेरा मारलेलं सहावं. ते अंगाईगीत होतं. त्या चार रविवारांचं सिस्टरनी काही घेतलं नाही. माझी सर्व्हिस पुढे टिकली ती त्या पाकिटांच्या जोरावर, आणि आजही मी कोणाला गाणं सुचवण्याआधी स्वतः ऐकतो, अर्थ विचारतो. पहिल्या अक्षरावरून फक्त कप्पा कळतो, एवढं मी शिकलो.

मनात मात्र ते राहून गेलं होतं. मुकुंद शाळेत जायला लागला, धडधाकट, सगळ्या गल्लीला पुरून उरणारा. एकदा भाऊसाहेबांकडे कामासाठी गेलो, तर मोठ्याबाई ओट्यावर तूर निवडत एकट्याच होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माफी मागितली.

त्यांचे हात थांबले नाहीत. "मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

मग पुन्हा का लावायला सांगितलं, ते विचारायचं धैर्य झालं नाही. त्यांनीच सांगितलं. "आधीचे दोघं गेले, त्यायचं नावबी नाही ठेवलं. त्यायच्यासाठी कोणी एक शब्द गायला नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे त्यायचंबी."

मी म्हणालो, "पण मोठ्याबाई, तुम्हाला तर इंग्रजी येत नाही."

आता मात्र त्यांनी सुपातून मान वर केली.

"बाई रडून राह्यली, हे समजाले इंग्रजी कायले लागते? तू का कान घरी ठेवून येत होता बे?"