सुरमईचा मधला तुकडा

ये गो सुलभा, अशी जवळ बस. भाचीला रागावायचा हक्क मावशीला असतोच. दिवसभर चहा नि वाटीभर पेज, वर मलाच सांगतेस, "मावशे, माका भूकच लागणा नाय, साखरेचा इंजेक्शन लागू पडला!" पडलं गो. पण आधी माझं ऐक.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "हात छातीशी धरून उठा." मला उठताच आलं नाही. मग हाताची पकड तपासली. "मावशी, हा सार्कोपेनिया." म्हणजे स्नायू झिजणं. तुझ्यासारखंच साखरेसाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेत होते, वजन उतरत होतं, मी खूश. "चरबीबरोबर स्नायूही गेले तुमचे," ते म्हणाले.

चूक माझीच. इंजेक्शन श्रावणात सुरू झालं. भूक नाही, तर म्हटलं, देव पावला, उपास आपोआप घडतायत! श्रावण सरला तरी पेज नि लोणचं चालूच. आमच्या घरी माशाचा मधला तुकडा होडीवर जाणाऱ्यांचा, बायकांना डोकं नि शेपटी. तीही मी सुनेच्या ताटात टाकायची. जन्मभर मासे विकले आणि स्वतः पेजेवर! मग एका सकाळी बाजारात माशांची पाटी उचलायला वाकले, तर पाटी जागची हलेना. म्हणून तर डॉक्टर गाठला.

सून म्हणाली, "आये, आता बाजार सोड. तुझी जागा मी बघतंय." चांगल्या मनानेच म्हणाली, पण मला झोंबलं. माझ्या सासूने दिलेली ती जागा. पायांत जोर नाही म्हणून सोडू? मी नाय सोडूचंय!

डॉक्टरांना विचारलं, इंजेक्शन बंद करू? "मनाने काही बंद करू नका. जेवणात प्रथिनं आधी, भात नंतर. आणि ताकदीचा व्यायाम रोज." किडनीचा रिपोर्ट बघून किती खायचं ते त्यांनी ठरवून दिलं. तूही तुझ्या डॉक्टरांना विचार.

त्या दुपारी सुरमईचा मधला तुकडा मी माझ्या ताटात घेतला. मुलगा ओरडला, "आये, तो माझो!"

"कालपर्यंत होतो. तुझे दंड भरलेले आसत, माका माझे भरूचे आसत."

सून हळूच म्हणाली, "आणि मी?"

"तूय घे गो, इचारतंस काय!"

इंजेक्शनने पोट लवकर भरतं, म्हणून थोडं थोडं, चार वेळा खाते. अंडी, मासा, दही, कुळथाची दाट पिठी. शेजारीण टोमणा मारते, "सोमवारचा अंडा खातंस? देव काय म्हणात?"

"देव म्हणात, म्हातारे, ऊठ!"

आणि उठतेच. स्टुलावरून, हात न टेकता. पहिले काही दिवस मांड्या भरून यायच्या, रडू यायचं. रडत रडत उठले.

काल अर्धी भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेतली. सून मदतीला धावली, तिला म्हटलं, लांब हो. पुरी पाटी अजून जमत नाही. जमेल. तू बाजारातच ये गो, माझ्या शेजारी बस, आणि लवकर ये, सुरमईचा मधला तुकडा तुझ्यासाठी राखून ठेवते.