झुंबरमामाच्या न कापणाऱ्या सुऱ्या

ज्यांनी ज्यांनी त्या रीलखाली 'सायको' लिहिलं, 'नाशिकचा चाकू डॉन' लिहिलं आणि हसून हसून रडणारी तोंडं टाकली, त्यांनी आधी हे वाचा. मग काय लिहायचं ते लिहा.

रीलमधला माणूस म्हणजे आमचा झुंबरमामा. मखमलाबाद नाक्याच्या मागे आमची गल्ली आहे, तिच्यातली शेवटची पत्र्याची खोली त्याची. सख्खा मामा नाही. पण सख्ख्यांनी आमच्यासाठी काय केलं ते मला माहितीये, म्हणून हाच मामा. मूळचा चांदवडकडचा. मंडपवाल्याकडे कामाला आहे. बांबू उभे करायचे, कापड ताणायचं, लग्न झालं की सगळं उतरवायचं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खी गल्ली आमच्या आईला येऊन अक्कल शिकवून गेली. मामा एकटाच म्हणाला, "पायल, उद्या मंडपावर येती का? फुलं बांधायला माणूस पायजे." तेव्हापासून मी त्याच्याबरोबर आहे, आणि त्याला कुणी येडा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर मामाकडे एक पत्र्याची पेटी आहे, सुऱ्यांनी भरलेली. आणि सुऱ्या कसल्या? एक धड नाही. पहिल्याच कांद्याला वाकणाऱ्या. माशाच्या आकाराची घडीची एक आहे, ती उघडली की मिटत नाही. एकीच्या मुठीत शिट्टी आहे. शिट्टी मस्त वाजते, सुरी कापत नाही. हरसूलच्या बाजारातून, जत्रेतून, फुटपाथवरून, जिथून मिळेल तिथून आणतो. दुकानदारानं चांगली दाखवली तर ती बाजूला सारून विचारतो, "याच्यापेक्षा हलकी नाय का?" दुकानदार नुसता बघत राहतो. कामावर दोर कापायला कमरेला चांगली धारेची सुरी असते त्याच्या. ती पेटीत कधीच जात नाही. "ती कामाची हाय," म्हणतो.

अर्धीअधिक पेटी मात्र लग्नातल्या सुऱ्यांची आहे. आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचलेलं. लग्न लागेपर्यंत ती सोडायची नाही. पैसेवाल्यांकडे कट्यार असते, मखमलीच्या म्यानातली. बाकीचे आदल्या दिवशी बाजारात मिळेल ती आणतात. आणि लग्न लागल्यावर तिला कोण विचारतं? मामा मंडप उतरवतो तेव्हा ती स्टेजखाली पडलेली असते, अक्षतांमध्ये, पत्रावळ्यांमध्ये, चेपलेल्या लिंबासकट. दिंडोरी, चांदवड, कुठून कुठून त्यानं अशा उचलून आणल्यात.

मी एकदा म्हटलं, "मामा, एखादी चांगली स्टीलची तरी ठेव ना."

त्यानं माझ्यापुढे दोन सुऱ्या ठेवल्या. एक चकचकीत, दुसरीच्या टोकाला काळा डाग. "ही चांगली. लिंबू काढलं, पुसली, झालं. ही हलकी, हिला लिंबू लागलं की काळी पडती. मग किती बी घास. हिच्याकडं बघितलं की कळतं, कुणीतरी धरली होती."

"आणि शिट्टीवाली?"

"ती मजा हाय."

हळूहळू गल्लीतल्या हळदी मामाच्या पेटीतूनच व्हायला लागल्या. कारण साधं आहे. धारेची सुरी नवरदेवाला दिली की करवल्याला नाहीतर डीजेपुढे नाचणाऱ्या मित्राला लागणारच. मामाची सुरी आजवर कुणाला लागली नाही. लग्न झालं की ती पेटीत परत. देताना मामा सुरी हातात कधी देत नाही. जमिनीवर ठेवतो, समोरच्यानं उचलायची. मीठ, मिरची, सुरी हातात दिली की दोघांत भांडण होतं, म्हणून.

शेजारच्या गोजराबाई त्याला चिडवायच्या. "का रे झुंबर, तुझ्या हळदीला कोणती राखून ठेवलीस?"

"शिट्टीवाली," मामा म्हणायचा. "नवरी पळाली तर वाजवायला."

असं सगळं नीट चाललेलं. त्यात हा सुयश आला.

कॉलेज रोडचा मुलगा. एका लग्नात त्याला कुणीतरी मामाच्या पेटीबद्दल सांगितलं. त्यालाही सुऱ्या जमवायचा नाद, पण त्याच्या सुऱ्या जपानी, जर्मन, काचेच्या कपाटातल्या. म्हणे त्यांच्या ग्रुपमध्ये आता भिकार सुऱ्यांची क्रेझ आलीये. जितकी बेकार तितकी भारी. कुणाची सुरी जास्त टुकार यावर त्यांची चुरस लागते. मी म्हटलं, म्हणजे हसायलाच ना? तर म्हणाला, "नाही गं, प्रेमानं." असलं प्रेम मला कळत नाही. मामा जमवतो तेव्हा हसत नाही.

मामानं त्याला चहा पाजला. पेटी उघडली. एकेक सुरी काढून सांगत बसला, ही दिंडोरीची, लग्नात लाइट गेलेली. ही एका पोराची, जेवताना पण त्यानं खाली ठेवली नव्हती. सुयश सगळं शूट करत होता. आणि रीलमध्ये काय टाकलं? मामाचं बोलणं सगळं कापलं. वर भुताच्या पिक्चरसारखं म्युझिक. पेटी उघडते, आत सुऱ्याच सुऱ्या, मग मामाचं तोंड, तो हसतो, संपलं. वर लिहिलं, 'नाशिकच्या या माणसाच्या पेटीत काय आहे बघा.'

सध्या पोरं कोयते नाचवत रील टाकतात, त्यामुळे पोलीस तापलेलेच होते. दोघं आले, पेटी उचलली, मामालाही बसवला गाडीत. मंडपवाल्या मालकाचा फोन आला, "मिटवून ये. तोवर कामावर येऊ नको." चाललेल्या गाडीकडे बघत गल्लीतली माणसं काय म्हणाली माहितीये? "आम्हाला वाटलंच होतं." याच माणसांच्या पोरांच्या हळदी त्या पेटीतून झालेल्या!

मी गाडीमागोमाग चौकीत गेले.

"हे काय आहे?" हवालदारानं विचारलं.

"सुऱ्या," मामा म्हणाला.

"एवढ्या कशाला?"

"आवडत्यात."

"आवडत्यात!" हवालदार बाकीच्यांकडे बघून म्हणाला. "हत्यारं आवडत्यात याला."

"साहेब, काहीतरी कापून तर बघा," मी म्हटलं.

"तू कोण गं?"

"भाची."

टेबलावर पेरू होता. त्यानं पेटीतली वरची सुरी घेतली आणि पेरूवर दाबली. पातं वाकलं, मूठ निघून त्याच्या हातात राहिली. पेरू होता तसाच. सगळी चौकी हसली. आतून साहेब बाहेर आले, त्यांनीही दोन-तीन सुऱ्या बोटावर घासून बघितल्या.

"अरे, हे भंगार आहे," साहेब म्हणाले. "बाबा, तू फक्त एवढं बोल, भंगार आहे, विकायला जमवलं होतं. विषय संपला. पेटी आम्ही भंगारवाल्याला देतो, तू घरी जा."

मामा पेटीतल्या सुऱ्या सरळ लावत होता.

"म्हण ना मामा," मी हळूच म्हटलं. मला त्याला तिथून बाहेर काढायचं होतं, बस्स.

"भंगार नाय, साहेब."

"मग हत्यारं आहेत?"

"हत्यारं बी नाय."

"मग आहे काय?"

"लोकांच्या लग्नातल्या हायेत."

"बरं. यातली तुझी कोणती?" हवालदारानं विचारलं.

"माझी नाय. माझं लग्न नाय झालं."

तेव्हा सगळे गप्प झाले असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. पण नाही झाले. एकजण तर आणखी जोरात हसला. हवालदारानं टाकून दिलेली ती मूठ उचलून मामा पात्याला परत बसवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, दुसरं काही समजू नका.

मी पळतच गल्लीत आले आणि मधोमध उभी राहून ओरडले, "ज्यांच्या नवऱ्यानं, पोरानं मामाची सुरी धरली, त्यांनी चपला घाला! तो तिकडं बसलाय आणि तुम्ही इकडं भाजी निवडताय!"

छाया वहिनी पिठाच्या हातानंच बाहेर आली. गोजराबाई दारातून म्हणाल्या, "मी आधीपासून सांगत होते, असलं लोखंड घरात जमवू नये."

"मग नका येऊ."

"येत नाही म्हटलं का मी? चप्पल सापडू दे."

पाच-सहा बायका झालो आम्ही. चौकीत शिरल्या शिरल्या गोजराबाईंनी कुणाला विचारलं नाही की काही नाही, सरळ पेटीजवळ फतकल मारली आणि सुऱ्या उचकायला लागल्या.

"ओ बाई, हात लावू नका, पुरावा आहे तो!"

"कसला पुरावा? ही बघा, माझ्या जीवनच्या हळदीची. मूठ हलत होती म्हणून मीच लाल दोरा गुंडाळला होता. दोरा माझ्या लुगड्याचा आहे. घ्या पुरावा."

"आणि ही आमच्या यांची," छाया वहिनी म्हणाली. "उलटी धरली होती येड्यानं. फोटोत पण उलटीच आहे." तिनं मोबाइल काढून साहेबांपुढे धरला. फोटोत वहिनीचा नवरा, आमचा दादा, तोंड हळदीनं पिवळं, हातात हिरव्या मुठीची सुरी, लिंबू खालच्या बाजूला.

साहेबांनी फोटो बघितला. मग हिरव्या मुठीची सुरी बघितली. टोकाचा काळा डाग अंगठ्यानं घासून बघितला. तो निघाला नाही.

"लिंबाचा हाय," मामा म्हणाला.

"माझ्या हळदीतली कुठं गेली कुणास ठाऊक," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमची तर कट्यार असेल," हवालदार म्हणाला.

"कसली कट्यार. बाजारातलीच होती, अशीच." त्यांनी सुरी पेटीत ठेवली. "घेऊन जा बाबा. पण पुन्हा रीलमध्ये दिसली तर बघ."

पेटीची एक कडी गोजराबाईंनी धरली, एक मी. मामाला उचलू दिली नाही. मालकानं दुसऱ्याच दिवशी फोन केला. लग्नसराई होती, मंडप कोण उतरवणार? मिटलं का, एवढं पण विचारलं नाही त्यानं.

आणि मग त्याच आठवड्यात सुयश आला. गाडी घेऊन.

"मामा, सॉरी हां, एवढं होईल वाटलं नव्हतं. पण व्ह्यूज बघितले का? पार्ट टू करूया. आणि माझ्या कलेक्शनला एक द्या ना, ती शिट्टीवाली."

मी दारातच होते. रील काढ म्हटलं तर म्हणाला, "आता काढून काय उपयोग?" मला वाटलं, आता तरी मामा चार शब्द सुनावेल. मामानं पेटी उघडली. शिट्टीवाली बाजूला ठेवली. खालून एक पिवळ्या मुठीची काढली, कोरी, एकही डाग नसलेली.

"हिला अजून लिंबू लागलं नाय. तुझ्या हळदीला धर. मग आणून दाखव."

सुयशनं हात पुढे केला. मामानं सुरी जमिनीवर ठेवली.

"खाली का ठेवली?"

"उचल. हातात देत नाय आम्ही. भांडण होतं."

तो हसला, उचलली आणि गेला. रील अजून तशीच आहे, खाली तुमची हसणारी तोंडं पण.

"त्याला कशाला दिलीस?" मी मामावर ओरडले.

"पोरगं हाय. त्याला बी आवडत्यात."

मामा मोठ्या मनाचा असेल, मी नाही. मी असते तर त्या सुयशला सुरी हातात दिली असती. सरळ हातात, मूठ त्याच्याकडे करून.