कुरवांना जवळा घालणारा

दिवाळी झाली की थेरगावच्या बंधाऱ्यावर कुरव येतात. समुद्रावरचे पांढरे पक्षी, पण नदीवरही मजेत राहतात. कंपनीची बस येईपर्यंत लोक त्यांना शेव टाकतात. निळ्या युनिफॉर्ममधला एक पन्नाशीचा माणूस मात्र कागदाच्या पुडीतून कोकणातला सुका जवळा टाकायचा. त्याआधी रुमाल एका टोकाला धरून वारा कुठून येतोय ते बघायचा आणि पाण्यावरच्या पक्ष्यांसारखंच वाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा तोच म्हणाला, "आमच्या किनाऱ्यावरचे हे. घाट चढून येतात. घरचा जवळा बरोबर ओळखतात."

मला गप्प बसवत नाही. "नाही हो काका, हे पार हिमालयापलीकडून येतात. समुद्राकडे जाताना वाटेत इथे थांबतात."

तो पाण्याकडे वळला. "म्हणजे यंदा अजून समुद्र बघितलाच नाय यांनी?" मग पुडी बंद करत म्हणाला, "खायला मिळालं की थांबणं होतंच, भाऊ. मी पण दोन महिन्यांसाठीच आलेलो. बावीस वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पुडी नव्हती. कठड्याशी उभा राहून तो जोरजोरात टाळ्या वाजवत होता. "जावा रे, जावा! घाट उतरलात की समुद्रच आहे!"

कुरव उडाले, एक गिरकी घेऊन पुन्हा तिथेच बसले. तेवढ्यात बस आली. तोही नेहमीच्या सीटवर जाऊन बसला.