नानांचं एका ओळीचं पत्र

शनिवारी नाना स्कूटरला हात लावत नसत. देवपुरातून पांझरेच्या पुलापर्यंत पायी जात, आणि संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत घरात दिव्याचं बटणही दाबत नसत. आम्हाला ठाऊक असलेलं धुळ्यातलं ज्यूंचं घर ते एकच. शेजारी म्हणून मी चिडवलं की म्हणत, "मास्तर, लोडशेडिंग माझ्यापेक्षा कर्मठ. ते सातही दिवस शनिवार पाळतं."

नाना मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या बायको अक्का मात्र इथल्याच, शेतकऱ्याघरच्या. लग्नाआधी कोकणातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना स्नान घातलं, प्रार्थना म्हणवून घेतली, पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा केला आणि आपल्यात घेतलं. रब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, नव्हताच कुणी. तरी काही नातेवाईक त्यांच्या मुलीला 'काळी इस्राएल', म्हणजे मिश्र रक्ताची, म्हणत. अक्कांनी ते मनावर घेतलं नाही. शनिवार लागण्याआधीचा, शुक्रवार संध्याकाळचा दिवा त्यांनी कधी चुकवला नाही. प्रार्थनेचा कंटाळा करायचे ते नाना.

मुलगी इस्राएलला गेली, तिथं तिचं लग्न ठरलं आणि घोडं अडलं. आई ज्यू आहे का, असा प्रश्न आला. तिथल्या एका पंथाला बाप ज्यू असला तरी चालतं. दुसऱ्याला आईच लागते, आणि तीही रब्बीच्या हातून धर्मात आलेली. लग्नाची नोंद नेमकी त्या दुसऱ्यांकडे. मलिद्याचं त्यांनी नावही ऐकलं नव्हतं. दोन वर्षं अशीच गेली. मग निरोप आला : आई ज्यू नाही असं बापानं लिहून द्यावं, मुलीला नव्यानं धर्मात घेऊ.

नानांची इकडे आड, तिकडे विहीर झाली. लिहावं तर बायको परकी, न लिहावं तर पोर बिनलग्नाची. आठवडाभर ते कोरा कागद घेऊन माझ्या ओट्यावर येत आणि तसाच परत नेत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. "तिकडे आम्ही पुरते ज्यू नाही, इथं लोक मला बोहरी समजतात," ते म्हणाले. "जाऊ कुठं, मास्तर?"

शेवटी अक्काच ओट्यावर आल्या. "लिखी द्या," म्हणाल्या. "मी कोन शे, ते देवले मालूम शे. पोरनं लगीन व्हऊ द्या."

नानांचा हात चालेना, म्हणून ती ओळ मी लिहिली. त्यांनी खाली सही केली. पुढे मुलीचं लग्न झालं; आम्ही तिघांनी ते फोनवर पाहिलं.

गेल्या वर्षी नाना गेले. आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर अक्कांचा हात धरून पडले होते. मला म्हणाले, "आयुष्यात एकदाच खोटं लिहून दिलं, मास्तर. तिकडच्यांनी तेवढंच खरं मानलं."