नळीतलं पाणी

मी भोकरकडच्या एका ग्रामपंचायतीत कारकून, म्हणून सांडपाण्याच्या कामावरच्या इंजिनिअर बाईंची वरचेवर गाठ पडायची. तुंबलेल्या गटारापाशीही त्या नाकाला रुमाल लावत नसत. बोलणं मोजकंच.

एका दुष्काळात सरपंच म्हणाले, "मॅडम, गटार बौद्धवस्तीकडंच काढा. उतार तिकडंच हाय."

सरपंचांनी प्यायला दिलेलं तांब्याभर पाणी बाईंनी मोजमापाच्या पारदर्शक नळीत ओतलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीवरून उतार मोजला.

"उतार तुमच्या मळ्याकडं हाय, सरपंच."

मग वस्तीतल्या पहिल्याच घरी जाऊन त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

बारा वर्षं उन्हातान्हात मी त्या दारात नोटिसा देत आलो होतो. पाणी कधी मागितलं नव्हतं.